अधांतरी पिन

माझ्या धाकट्या दिरांना कुठलीही अडचण सांगा, ते आधी खिशातून वायर काढतात. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करतात, त्यामुळे खिसे कायम फुगलेले. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, फक्त डाव्या हाताच्या बोटांत थोडी धुगधुगी राहिली, तेव्हाही दिरांनी तेच केलं. फक्त या वेळी वायरीबरोबर एक बोर्ड निघाला, निळा, काड्यापेटीएवढा.

सासूबाई वरच्या खोलीत झोपून आणि मी खाली शिलाई मशीनवर. मशीन सुरू असलं की वर कपाट पडलं तरी मला पत्ता लागणार नाही. नवरा दिवसभर कामावर. सासूबाईंचा श्वास कोंडला, घास अडकला, तर मला कळणार कसं, या एका काळजीने माझं डोकं पोखरलं होतं. दीर म्हणाले, वर एक बटण, खाली एक बझर, मध्ये हा बोर्ड; काय करायचं ते त्याला लॅपटॉपवर प्रोग्राम लिहून शिकवायचं. आणि मग गालातल्या गालात हसत म्हणाले, "वहिनी, हे तुम्हीच करायचं. ब्लाउजला बाही लावता येते त्याला हेही येतं."

चेष्टाच होती, पण मी ती मनावर घेतली.

पहिला दिवस केबलने खाल्ला. लॅपटॉपला बोर्ड काही केल्या दिसेना. शेवटी कळलं की ती केबल नुसती चार्जिंगची आहे, तिच्यातून वीज जाते, निरोप जात नाही. केबल बदलली तर प्रोग्रामच्या ओळीच्या शेवटी एक बारीकसं चिन्ह राहिलं म्हणून लॅपटॉपने मला लाल अक्षरांत झापलं. एवढ्याशा कारणावरून इतका थयथयाट सासूबाईंनीही कधी केला नव्हता, आणि त्यांचा थयथयाट मी भरपूर पाहिलाय. पण मग बोर्डावरचा दिवा लागला, विझला, लागला. प्रोग्राममधला आकडा कमी केला की तो घाईघाईने लुकलुकायचा, वाढवला की सुस्तावायचा. माझं सांगितलेलं निमूटपणे ऐकणारं या घरात पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं. मी एकटीच हसत बसले.

इंटरनेटवरच्या बटण जोडायच्या धड्यात, चित्रात, एक रेझिस्टर दाखवला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, अंगावर रंगीत पट्टे असलेला. मी तो लावला नाही. दिवा त्याच्यावाचून लागत होता, मग बटणालाच त्याचे लाड कशाला, असा माझा हिशेब. वायर जिन्यावरून वर नेली, पलंगाच्या कठड्यावरून फिरवली आणि टोकाला बटण बांधलं. सासूबाईंचं बोट धरून ते दाबलं. खाली बझर वाजला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझं काहीतरी पसंत पडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बझर वाजला. एकदा, मग जरा थांबून दोनदा.

माझा पाय मशीनवरच थांबला. ती थाप मला ठाऊक होती. सासरे कारखान्यातून घरी आले की दारावर तशी थाप द्यायचे, एक, आणि जरा थांबून दोन. सासूबाई आतून भिंतीवर तशीच थाप परत द्यायच्या आणि मगच कडी काढायच्या. त्या दोघांची ती खूण होती. सासरे गेल्यावर सासूबाई मला बोलवायला भिंतीवर तसंच वाजवू लागल्या, आणि तोंडाने हाक मारायला यांची जीभ झिजते का, म्हणून मी स्वयंपाकघरात धुसफुसत असे.

धावत वर गेले. सासूबाई जाग्या होत्या. हात कठड्याशी पडलेला, बटणापासून वीतभर लांब. "आई, तुम्ही बोलावलंत?" म्हणून विचारलं. त्यांनी नुसतं पाहिलं. मी उशी नीट केली, पाणी पाजलं, खाली आले. तासाभराने पुन्हा तेच. पुन्हा हात बटणापासून लांब, पुन्हा ती नजर. एकदा तर मी पायऱ्या चढत असतानाच खाली बझर वाजला, आणि मला जिन्याच्या मधोमध वर जावं की खाली, तेच कळेना. लख्ख ऊन पडलेलं, रस्त्यावर लोकांची ये-जा, तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्या खोलीत सासूबाईंशिवाय आणखी कुणीतरी आहे, असं मला वाटायला लागलं होतं. मी घाबरले होते, यात लपवण्यासारखं काही नाही.

सुट्टीच्या दिवशी दीर आले. मी त्यांना थापेचं सांगितलं. ते बोर्डाकडे बघूनच हसले. बटणाची वायर बोर्डात जिथे शिरते ती ही पिन, बटण दाबलेलं नसतं तेव्हा ती कशालाच बांधलेली नसते, म्हणाले. अशा पिनला काहीही ऐकू येतं. भिंतीतली वीज, पंखा, जवळून गेलेला माणूस.

"अधांतरी पिन आहे ही, वहिनी. दोऱ्याला शेवटी गाठ न मारता कपडा देता का कुणाला?"

मला ते लागलं. गाठ न मारता मी आजवर एक काजही सोडलेलं नाही. पण ती थाप? ती बरोबर तशीच कशी? ते म्हणाले, आपलं मन आपल्याला हवं ते जुळवून घेतं. त्यांनी तो दाण्याएवढा रेझिस्टर पिनेला आणि अर्थिंगच्या तारेला जोडला. बझर गप्प झाला.

सोमवारी सकाळपासून मी निवांत शिवत होते. एक झगा पुरा झाला, दुसऱ्याची कापणी झाली. कान शांत, मन शांत. दुपार कलायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज सकाळच्या खाण्यानंतर आपण एकदाही वर गेलेलो नाही. रोज तो मेला बझर मला दहादा वर पळवायचा.

कात्री टाकून मी वर गेले.

सासूबाई पलंगावरून घसरल्या होत्या. मान कठड्याच्या आणि गादीच्या फटीत मुडपलेली, ओठ निळसर, घशातून बारीक शिट्टीसारखा आवाज. आणि डावा हात वायरीवर. बोटं वायरीवर हलत होती. एक. जरा थांबून दोन. एक. जरा थांबून दोन.

मी त्यांना ओढून वर घेतलं, पाठीशी उशा लावल्या, पाठ चोळत राहिले. श्वास मोकळा व्हायला बराच वेळ लागला. त्यांचे डोळे वाहत होते आणि माझेही. बटण दाबायची ताकद त्या बोटांत कधी नव्हतीच. पहिल्यांदा दाबलं होतं ते माझ्या बोटाने. सासूबाई वायरीला हात लावून मला बोलवत होत्या, आणि ती अधांतरी पिन तेवढं ऐकत होती. भुताने झपाटलेली म्हणून मी तिचं तोंड बंद करून घेतलं होतं.

खाली गेले आणि तो रेझिस्टर उपटून काढला. दिरांना फोन केला. नुसता हात टेकला की चालेल असं दुसरं बटण संध्याकाळी घेऊन येतो, म्हणाले, आवाज पडला होता त्यांचा. तोवर पिन अशीच राहू दे, मी म्हटलं.

वर येऊन सासूबाईंचा हात वायरीवर ठेवला. खाली बझर वाजला. त्यांच्या तोंडाची एक बाजू हसली. "आता ऐकू येतं, आई," मी म्हटलं, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेऊन तशीच बसून राहिले. बोटं गार होती. पंखा बंद होता.

खाली बझर वाजला. एकदा. जरा थांबून दोनदा.

त्यांचे दोन्ही हात माझ्या मुठीत होते. मी वायरीकडे पाहिलं. ती कठड्यावर नुसती पडली होती. भिंतीतली वीज असेल, मी स्वतःला बजावलं. काहीही ऐकू येतं अशा पिनला.

सासूबाई दचकल्या नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा मऊ झाला, जसा मी कधीच पाहिला नव्हता. मग माझ्या तळहातावर त्यांचं बोट हललं. एक. जरा थांबून दोन.

खाली जाऊन तो दाणा परत बसवला की हे सगळं थांबेल, हे मला माहीत होतं. तो माझ्या मुठीजवळ, पदराच्या टोकाला बांधलेला होता. पण मग त्यांनाही मला हाक मारता येणार नव्हती.

मी जागची हलले नाही. "आई, कडी काढायची नाही," मी म्हटलं, आणि त्यांचे हात आणखी घट्ट धरले.