टेकडीवर कुणी यायचं

“पाणी आलं की आधी उंचावर चढायचं. कुठं चाललो, कसं चाललो, हा विचार वर पोचल्यावर.”

शहापूरच्या शिबिरात अनंता शेलार हे वाक्य दिवसातून चार वेळा म्हणत. अग्निशमन दलात तीस वर्षं काढलेला माणूस. आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणाऱ्या मास्तरांच्या मानाही सरळ व्हाव्यात. ताराबाई पुढच्या बाकावर बसून त्यांचा शब्द न् शब्द वहीत उतरवून घेत होत्या. मे महिना चालू होता आणि आदल्या जुलैतल्या महापुराला अजून वर्षही झालं नव्हतं. प्रत्येक हायस्कुलातून एका शिक्षकाला बोलावलं होतं. नववी-दहावीच्या मुलांना शिकवा, असं सांगितलं होतं. मोठी माणसं ऐकत नाहीत आणि लहानांना उमजत नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलं मात्र शिकतात, आणि घरी जाऊन शिकवतातही.

ताराबाई राहायला किन्हवलीला. तिथून एसटीने अर्ध्या तासावर वेळूखांड, तिथल्या हायस्कुलात त्या मराठी शिकवत. पहाटे आंघोळ, देवपूजा, तुळशीला पाणी, मगच चहा. मंगळवार देवीचा, चतुर्थी गणपतीची, दोन्ही एकादश्या. बाईंच्या डब्यात काय आहे ते बघितलं की कॅलेंडर बघावं लागत नाय, असं दहावीतला हर्षित म्हणे, आणि ते ऐकून बाईही हसत.

वेळूखांड नदीच्या काठावर वसलेलं. महापुरात पाणी खालच्या आळीतून वर चढत चढत शाळेच्या ओट्याला लागलं होतं. सगळा गाव गावदेवीच्या टेकडीवर गेला आणि पत्र्याच्या मांडवाखाली दाटीवाटीने रात्र काढून सकाळी उतरला. गुरं गेली, भिंती गेल्या, माणूस एकही गेलं नाही. देवीनं राखलं, असं जो तो म्हणाला. ताराबाईंनीही पुढच्या मंगळवारी खणानारळाने देवीची ओटी भरली.

तेव्हा जूनमध्ये शाळा उघडल्यावर उंच जागा कुठली, हा प्रश्नच नव्हता. मुलांनी शाळेच्या व्हरांड्यात खडूने गावाचा नकाशा काढला, घरं दाखवली, आणि प्रत्येक घरापासून टेकडीपर्यंत गेरूचा बाण ओढला. रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत कसं बांधायचं, काडेपेटी कुठं ठेवायची, गुरांची दावी आधी सोडायची की मागाहून, यावर मुलं तावातावाने भांडली. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन छातीशी बांधला तर माणूस तरंगतो, हे ऐकल्यावर हर्षित पाठीला दोन कॅन बांधून वर्गभर “गॅसवाला आला” करत हिंडला. ताराबाईंनी त्याला हिंडू दिलं. हसत शिकलेलं डोक्यात राहतं, असं त्यांना वाटे.

जूनच्या शेवटी पहिली तालीम झाली. शाळेतून नाही, आपापल्या घरून निघायचं. कारण पाणी काही शाळेची वेळ बघून येत नाही. शिट्टी वाजली, एकवीस मिनिटांत एकोणचाळीसपैकी छत्तीस जण मांडवाखाली हजर. तीन मुली नव्हत्या. का नव्हत्या, ते कुणी सांगितलं नाही. ताराबाईंनीही विचारलं नाही. त्यांनी तीन नावांपुढे ‘आजारी’ असं लिहिलं. खरं काय ते त्यांना लिहितानाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात त्यांनी मुलांना दहा ओळी लिहायला सांगितल्या. महापुराच्या दिवशी तू कुठं होतास, आणि तेव्हा जवळ काय असतं तर बरं झालं असतं. सांजवात लावून झाल्यावर त्या वह्या घेऊन बसल्या. सगळीकडे तेच होतं. टेकडीवर होतो, थंडी वाजत होती, भाकरी हवी होती, चादर हवी होती. हर्षितने पत्त्यांचा कॅट हवा होता असं लिहिलं होतं. मग रंजिताची वही आली. नववीतली मुलगी, अक्षर बारीक, बाकावर कोपऱ्यात बसणारी.

“मी गोठ्याच्या माळ्यावर होते. आजी म्हणाली तू इथंच ऱ्हा, तुला देवीकडं यायचं नाय. पानी गाईच्या पोटाला लागलं तेव्हा मी खाली उतरून दावं सोडलं. गाय गेली. मग शिडी वाहून गेली. सकाळी बाबा आले. मला बॅटरी पायजे होती.”

ताराबाईंनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना. गावात कुणालाच हे ठाऊक नव्हतं असं नाही. रंजिताच्या घरच्यांना ठाऊक होतं, शेजाऱ्यांनाही असणार. सांगण्यासारखं काही आहे, असं मात्र कुणालाच वाटलं नव्हतं.

त्यांनी स्वतः उभा जन्म ते चार दिवस पाळले होते. देवघराच्या दारातूनच हात जोडायचे, पूजा जावेने करायची. त्याचा त्यांना कधी जाच वाटला नाही. उपासाइतकंच ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं. आता तीन वर्षं झाली, त्यांचं ते थांबलं होतं, आणि विसरणंही सोपं झालं होतं. पण गेरूचे बाण त्यांनीच मुलांना काढायला लावले होते. एकोणचाळीस मुलांत एकवीस मुली. कुठल्याही दिवशी पूर आला तरी त्यांतल्या दोघी-तिघी त्या बाणावरून चालणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी रंजिताला व्हरांड्यात थांबवून घेतलं. भीती वाटली का ग, असं विचारलं. रंजिता नखाने खांबाचा रंग खरवडत राहिली.

“गाय ओरडत होती तवर नाय वाटली,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “बाई, तुमी शिकवलेलं माला सगळं पाठ हाय. कॅन, शिट्टी, दावी, समदं. पन माजे दिवस असले तं मी कुठं जायाचं, ते तुमच्या नकाशात नाय.”

मुलीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गणितात एक पायरी राहिलीय असं सांगावं, तसं तिने सांगितलं. विचार करायच्या आधीच ताराबाईंच्या तोंडातून निघून गेलं.

“पुढच्या खेपेला मी स्वतः येईन तुला न्यायला. हाताला धरून वर नेईन.”

रंजिताने मान वर करून पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, हे दिसत होतं. घंटा झाली आणि ती वर्गात पळाली.

ताराबाईंच्या लेखी बोललेला शब्द म्हणजे हातावर पाणी सोडून केलेला संकल्प. त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला घोर लागला. आधी त्यांनी दुसरी उंच जागा शोधून पाहिली. शाळेच्या स्लॅबला जिना नव्हता. पलीकडच्या माळावर जायला ओढा ओलांडावा लागे, आणि सगळ्यात आधी ओढाच फुगे. फिरून फिरून टेकडीच उरली.

मग त्या रंजिताच्या आजीकडे, सकुबाईकडे गेल्या. सकुबाई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. बाईंना तिने पाट दिला, गुळाचा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमी मंगळवार करता ना, बाई? उपाशी ऱ्हाता, देवीला चढून जाता. आनि माला सांगता का विटाळाची पोर तिच्यापुढं न्या म्हनून?”

हा प्रश्न ताराबाईंनी स्वतःला रोजच विचारला होता.

सकुबाईचे हात सुपात थांबले. आवाज खाली आला. “माला काय दगडाचं काळीज हाय गो? वाटलं पानी गोठ्यापरत येनार नाय. वर बसून रातभर देवीलाच सांगत होते, माज्या पोरीला राख. दुसरं काय करनार मी? तिला वर आनली असती आनि गावावर काय कोप झाला असता, तं लोक माज्याच दारात आले असते.” सूप बाजूला सारून ती म्हणाली, “तुमी महादूला इचारा. तो म्हनला तं मी आडवी येनार नाय.”

महादू देवीचा पुजारी. सत्तरी उलटलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मंगळवारी पूजा आटोपून तो पायरीवर विडी ओढत बसला होता. ताराबाईंनी ओटी भरली आणि त्याच्याजवळ बसून हळू आवाजात विषय काढला. तो म्हणाला की त्याच्या बापाने असं कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा तो तरी आपल्या तोंडाने कसं सांगणार. कौल लावू, म्हणाला. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवायची, उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. गावाची सगळी मोठी कामं अशीच ठरत आली होती. तो फुलं आणायला उठलासुद्धा.

“थांबा, बाबा,” ताराबाई म्हणाल्या.

डावं पडलं तर काय, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. आयुष्यात देवीचा कौल त्यांनी मोडला नव्हता, आणि मोडणाऱ्यांपैकी त्या नव्हत्याही. डावं पडलं असतं तर त्या मुकाट्याने खाली उतरल्या असत्या आणि पुढच्या पुरात रंजिता पुन्हा माळ्यावर बसली असती. आणि उजवं पडलं असतं, तरी पोरीचा जीव एका फुलाच्या देठावर टांगल्यासारखंच झालं असतं. देवीला असं कोड्यात घालणं त्यांना बरं वाटेना. बुडत्या पोरीला पाण्यातून काढू का, असं कोणती मुलगी आपल्या आईला विचारते? ती काढते, आणि मागाहून सांगते.

“कौल नको,” त्या म्हणाल्या. “मी तिला नुसतं सांगते.”

त्या गाभाऱ्यापुढे उभ्या राहिल्या, पदर सावरला, आणि शेजारणीला सांगावं तसं सगळं देवीच्या कानावर घातलं. काय करणार आहे, कुणासाठी, आणि चूक असेल तर माझी एकटीची, पोरींची नाही. परत आल्या तेव्हा महादूची विडी विझली होती.

“मंग माला काय इचारायला आल्ता?” तो म्हणाला.

“तुम्ही अडवाल का, एवढंच.”

महादूने आपल्या गढूळ डोळ्यांनी खाली नदीच्या दिशेने पाहिलं. “मी आपला या पायरीवर बसतो. कोन वर चढलं आनि कोन कशी चढली, ते या डोल्यांना आता दिसत नाय. डाक्तर म्हंतोय आपरेशन करा. करीन म्हनलं, पावसाळा जाऊं दे.”

दुसरी तालीम आषाढातल्या मंगळवारी ठरली. ह्या वेळी गावातली मोठी माणसंही यायची होती. सोमवारी शाळा सुटताना रंजिता सगळ्यांच्या मागे रेंगाळली. आज सकाळपासून आपण बाजूला आहोत, असं तिने जमिनीकडे बघत सांगितलं.

सारा गाव जमणार, आणि तोही देवीच्या वारी. “तालीम शनिवारी ठेवू का ग?” ताराबाई बोलून गेल्या.

“ठेवा ना,” रंजिता म्हणाली. “शनवारी माज्या बाकावरच्या शेवंतीचे दिवस असतील. माजं काय नाय, बाई. मी बसंन घरी.”

ती निघून गेली. तिच्या बोलण्यात रुसवासुद्धा नव्हता, आणि तेच ताराबाईंना घरापर्यंत टोचत राहिलं. तालीम त्यांनी हलवली नाही.

मंगळवारी पहाटेची पूजा नेहमीप्रमाणे झाली. पहिल्या एसटीने त्या आल्या. पाऊस भुरभुरत होता. दहाला शिट्टी झाली आणि गल्ल्यागल्ल्यांतून माणसं निघाली. छत्र्या, डोक्यावर घेतलेली इरली, काखेत पोरं, बाजेवरून उचलून आणलेली एक म्हातारी. हर्षित ह्या वेळी कॅन नीट छातीला बांधून सगळ्यांच्या पुढे होता. मांडव भरला. महादू पायरीवर बसून होता. सकुबाई कोपऱ्यात होती. तिने ताराबाईंकडे पाहून नजर खाली वळवली.

हर्षितने हजेरी घेतली. “पस्तीस, बाई. चार पोरी नायत.” त्याने आवाज बारीक केला. “गेल्या वेळंसारखं आजारी लिवू?”

“काही लिहू नकोस,” ताराबाई म्हणाल्या. “जागा मोकळी ठेव. आणि मी येईपर्यंत कुणाला खाली सोडू नकोस.”

त्यांनी शिट्टी त्याच्या गळ्यात घातली, नेसूचा घोळ थोडा वर खोचला आणि पायऱ्या उतरायला लागल्या. उशिरा चढणारी दोन-तीन माणसं वाटेत भेटली. बाई, काय विसरलं का, असं एकाने विचारलं. ताराबाईंनी मान हलवली आणि त्याला वाट करून दिली. पायथ्याशी चिखलात चपला रुतायला लागल्या, तशा त्यांनी काढून हातात घेतल्या आणि सकुबाईच्या घराकडे वळल्या.