ड्रॉपडाउनने उगवलेला सूड

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉपडाउन आहे, म्हणजे पडद्यावर उघडणारी पर्यायांची यादी. डोळ्यांच्या दवाखान्यात, नोंदणीच्या संगणकावर माझा मुक्काम. माझ्या बाणावर क्लिक केले की मी उघडतो आणि विचारतो, ऑपरेशन कोणत्या डोळ्याचे? उजवा किंवा डावा निवडला की मी मिटतो.

मला घडवणाऱ्या बाई फार काटेकोर होत्या. सर्वांत वर त्यांनी 'निवडा' अशी ओळ ठेवली होती. कुणी काही निवडल्याशिवाय मी नोंद पुढे जाऊच देत नसे. "माहीत नसेल तर गप्प बस, पण खोटं सांगू नकोस," असे त्या मला बजावत. मीही वर्षानुवर्षे इमानेइतबारे राबलो.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी 'झटपट' नावाचा नवा प्रोग्रामर आला. हे नाव काउंटरवरच्या ताईने ठेवलेले. एकदा ताई त्याला सहज म्हणाली, "दर वेळी हे उघडा आणि निवडा. कंटाळा येतो बाई!"

"एवढंच ना? एक क्लिक वाचवून देतो." त्याने माझी वरची ओळ उडवून टाकली. आता 'उजवा' आपोआप निवडलेला असे. डॉक्टरीणबाईंनी त्याची पाठ थोपटली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. उठल्यासुटल्या खोटे बोलायला लावतोस काय? बघून घेईन!

एके सकाळी त्याने स्वतःच्या आईला आणले. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. फोनवर बोलता बोलता त्यानेच नोंद भरली. मला उघडलेसुद्धा नाही. मला ओरडता येत नाही, आणि खरे सांगू? येत असते तरी मी ओरडलो नसतो.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई तावातावाने बाहेर आल्या. "आजी ऑपरेशनच्या टेबलावरून विचारतायत, चांगल्या डोळ्यावर खूण का केली म्हणून! उजव्या डोळ्यानं त्या अजून सुई ओवतात. नोंद कुणी भरली?"

"मी उजवा निवडलाच नव्हता," झटपट म्हणाला.

"आता निवडावा लागतोच कुठे?" ताई म्हणाली. "तुम्हीच नाही का क्लिक वाचवलात?"

तो पांढराफटक पडला. एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

त्याच दुपारी त्याने माझी ओळ परत बसवली. मी त्याला माफ केलेले नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही प्रोग्राम लिहाल. माणसाने निवडायचे ते आमच्यावर ढकलू नका. ढकललेत तर आम्ही गुपचूप पाहत राहू, आणि तुमची आई दर वेळी टेबलावर जागी असेलच असे नाही.