टाकीचा घोट

आमच्या बैठकीच्या खोलीत बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, माशांची टाकी आहे. एखादा माणूस आडवा झोपेल एवढी लांब. तिच्या खालच्या कपाटात तिची धाकटी बहीण, पाणी गाळायची छोटी टाकी. वरचं पाणी कोपऱ्यातल्या काचेच्या कप्प्याचा काठ ओलांडून त्यात पडतं, पाइपातून खाली उतरतं, गाळलं जातं, आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. दिवसरात्र ही फेरी चालूच.

जुना पंप थकला तेव्हा दुकानदाराने बाबांच्या गळ्यात एक दांडगा पंप मारला. ताकद कधी वाया जात नाही, असं म्हणाला म्हणे. आणि त्या दिवसापासून कपाट बोलायला लागलं. आधी घुरघुर, मग कुणी तहानलेल्याने घ्यावा तसा मोठा घोट, क्षणभर गप्प, की पुन्हा घुरघुर. दर घोटाला माझी चिमणी पाळण्यात दचकायची. तिला मान धरता येत नव्हती अजून, पण कान मात्र तयार होऊन आलेले. तिच्याबरोबर माझ्याही डोळ्याला डोळा लागेना. पाण्याचा आवाज ऐकायला लोक डोंगरात जातात, असं नवरा म्हणाला. मी म्हटलं, मग तू जा डोंगरात, आम्ही दोघी झोपतो.

 एका सकाळी बाबा फोनवर दुकानदाराला विचारत होते, मासे परत घ्याल का, टाकीसकट सगळंच. पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा. "तक्रार कुणाचीच नाही हो," बाबा म्हणाले. "घरात आता माझ्याहून लहान माणूस आलंय, एवढंच."

दुकानदार संध्याकाळी येणार होता. बाबांनी बादल्या धुऊन पालथ्या घातल्या आणि टाकीसमोर जाऊन काचेला बोट लावलं. आक्काबाई लगेच बोटापाशी आली. आक्काबाई म्हणजे फाटक्या शेपटीची, केशरी, सगळ्यांत जुनी मासोळी. मी लग्न होऊन आले तेव्हा बाबांनी आधी तिची ओळख करून दिली होती, मग स्वतःची. ती गेल्यावर हे बोट कुठे टेकणार, असं मनात आलं.

दुपारी मी चिमणीला तिथेच खुर्चीत घेऊन बसले. ती घाईघाईने पीत होती. चुक्, चुक्, मध्येच मोठा घोट, की ठसका. प्रसूतीनंतर नर्सने शिकवलं होतं, आवाज येतोय म्हणजे बाळ हवा पितंय. तोंड भरून घेतलं की गप्प पितं. मी तिला हळूच सोडवलं, पुन्हा नीट लावलं. चुकचुक थांबली. नुसती कानशिलाजवळची नस हलत राहिली. त्या शांततेत समोरच्या कपाटाने आपला घोट घेतला. अगदी तोच घोट. मला हसूच फुटलं.

"बाबा, तुमचा पाइप हवा पितोय."

ते वळले. खाली जाणाऱ्या पाइपावर एक व्हॉल्व्ह आहे, तो बाबा कायम पूर्ण उघडा ठेवत. फार पूर्वी एकदा टाकी तुंबून खालच्यांच्या छतातून पाणी गळलं होतं. शिवाय जन्म गेला बसमध्ये कंडक्टरकी करण्यात, त्यामुळे आधी उतरणाऱ्यांना वाट द्या, मग चढणाऱ्यांना, हे हाडात भिनलेलं. जुन्या पंपाचं थोडकं पाणी पाइपाच्या कडेने ओघळून जायचं; नव्याचं पाइप भरून टाकायचं, आणि भरलेला उघडा पाइप पंप देतो त्याहून जोरात पीत होता. कप्पा रिकामा झाला की हवा आत, मोठा घोट, आणि पुन्हा भरण्याची वाट. मी म्हटलं, त्याला जेवढं मिळतंय तेवढंच पिऊ द्या.

"आणि तुंबलं तर?"

मी दुसऱ्या पाइपाकडे बोट दाखवलं. कप्प्यात आणखी एक उंच पाइप होता, अडीअडचणीला जादा पाणी खाली जावं म्हणून ठेवलेला. बाबा गुडघ्यांवर बसले. व्हॉल्व्ह जरासा आवळला. घोटाचं घोरणं झालं. आणखी जरासा, घोरण्याची कुजबुज झाली. कप्प्यातलं पाणी चढू लागलं तसा बाबांचा दुसरा हात आपोआप काठाखाली गेला, सांडलं तर झेलायला. पाणी उंच पाइपाच्या तोंडापर्यंत आलं, कडेवरून एक पातळ पदर आत घसरला आणि पातळी तिथेच थांबली. वर नाही, खाली नाही.

मग आवाजच नाही.

टाकीतलं सगळं पाणी आमच्या डोळ्यांदेखत जात होतं, येत होतं, आणि ते कुणाला कळत नव्हतं. आक्काबाई जणू हवेत तरंगत होती. बाबांनी पाइपाला तळवा लावला. माझा हात चिमणीच्या गळ्यापाशी होता, तिथेही तसंच काहीतरी न बोलता चाललेलं.

पण कंडक्टर परीक्षा घेतल्याशिवाय सोडतो थोडाच. वीज गेली तर, म्हणून त्यांनी पंप बंद केला. वरचं पाणी काठाखाली उतरेपर्यंत खालची छोटी टाकी भरत गेली, भरत गेली, आणि काठाच्या चार बोटं खाली थांबली. पुन्हा पंप लावला. पाइप फुरफुरला, दोन-चार वेडेवाकडे घोट घेतले, आणि व्हॉल्व्हला कुणी हात न लावता आपला आपण भरून शांत झाला.

 "कोणी शिकवलं गं याला?" बाबा हळूच म्हणाले.

मी मांडीवर बघितलं. हिला तरी कोणी शिकवलं होतं? मी फक्त तोंड नीट लावून दिलं होतं. पिणं तिचं होतं.

संध्याकाळी दुकानदार पिंप घेऊन आला. चिमणी टाकीशेजारीच पाळण्यात पडली होती, हातपाय सैल सोडून. त्याने टाकीकडे पाहिलं. म्हणाला, पंप आधीच काढून ठेवलात, बरं केलंत. बाबांनी त्याचा हात धरला आणि कपाटातल्या पाइपावर ठेवला.  हात तिथेच राहिला. थंड, भरलेला, धावणारा पाइप, आणि वर आरशासारखं पाणी.

"मग मी नेऊ काय?" शेवटी त्यानेही आवाज बारीक केला.

"चपला न्या," बाबा म्हणाले. "हातात घेऊन. बाळ झोपलंय."