धाकट्याने आणलेला कॅन

"आज कितवा दिवस?"

धाकटा संध्याकाळी कामावरून आला की चपला काढायच्याही आधी हेच विचारायचा. थोरली बहीण सांगायची, नववा. मग तो बोटांवर मोजून एकोणीस राहिले म्हणायचा आणि हातपाय धुवायला जायचा. आई ओरडायची, की अरे, आधी पाणी तरी पी. पण त्याचा जीव त्या बाटल्यांत अडकलेला, त्याला कसली तहान!

बहीण प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे तिला सगळे बाटलीबाई म्हणत, कारण बारा वर्षांत तिने दुसरं काही केलंच नव्हतं. काम सांगायला सोपं आहे. एखादं रसायन पाण्यात गेलं तर पाण्यातले जंतू ते खाऊन संपवतात की नाही, एवढंच बघायचं. बाटलीत स्वच्छ पाणी, त्यात रसायन अगदी नखभर, जंतू असलेल्या पाण्याचे दोन-चार थेंब, आणि बूच असं बसवायचं की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मग बाटल्या अंधाऱ्या कपाटात. जंतू खायला लागले की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, तो दर आठवड्याला काही बाटल्या उघडून मोजायचा. अठ्ठावीस दिवसांत साठ टक्के फस्त झालं तर रसायन पास. एकोणसाठ झालं तर नापास, मग तुम्ही कितीही हातापाया पडा. जंतूंना कोणाची भीड नसते.

नमुन्यावर कारखान्याचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. कोणाचं काय आहे ते तपासणाऱ्याला कळू नये म्हणून. पण या नमुन्याचं झाकण काढलं आणि बाटलीबाईंच्या नाकाने ओळखलं. हाच वास धाकट्याच्या शर्टाला यायचा, दहा वेळा धुतला तरी जायचा नाही. त्याच्या कारखान्यात भांडी घासायच्या साबणासाठी फेसाचं नवं रसायन काढलं होतं. ते पास झालं तर नवा विभाग चालू राहणार, नाही तर चाळीस माणसं घरी, आणि त्यांत धाकटा सगळ्यांत शेवटी लागलेला. नियमाने तिने तेव्हाच साहेबांना सांगायला हवं होतं, की यात माझ्या घरचा माणूस आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. ती मूग गिळून बसली.

तिला दोष द्यायच्या आधी एक गोष्ट ऐकून घ्या. आधीची नोकरी गेल्यावर धाकटा दोन वर्षं घरी होता. पहिले सहा महिने दारोदार फिरला, मग फिरायचा थांबला, मग बोलायचा थांबला, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. एके दिवशी दुपारी त्याने खोलीला आतून कडी लावली. शेजाऱ्यांना बोलावून दार फोडलं म्हणून तो आज आहे. दार परत बसवलं तेव्हा बहिणीने स्वतः पेचकस घेऊन कडी काढून टाकली. कडीच्या जागी चार भोकं उरली आहेत. त्या दिवसाबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही, पण जाता-येता प्रत्येकाचं लक्ष त्या भोकांकडे जातंच.

पहिली चाचणी झाली आणि आकडा आला एक्केचाळीस. कारखान्याने आणखी एकदा करून मागितली, तीही शेवटची. जंतूंचं पाणी घ्यायचं ते शहराच्या सांडपाणी केंद्रातलं, जिथे फक्त घराघरांतलं पाणी येतं. त्या जंतूंनी हे रसायन जन्मात पाहिलेलं नसतं, आणि सगळी गोम त्यातच असते. नेमके त्या दिवशी पाणी आणणारे ड्रायव्हरकाका पाठ धरून घरी बसले. पाणी ताजं हवं, साहेब बाहेरगावी, आणि धाकट्याला सुट्टी. तिने त्याला फोन केला. कॅन घेऊन जा, केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाइपातलं भर आणि दोन तासांत आणून दे. त्याने दीड तासात आणला. तिथूनच आणलंस ना, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला.

पहिल्या खेपेला आठवडाभरात जेमतेम तीन टक्के गेलं होतं. या खेपेला सातव्या दिवशी पस्तीस. तिला खटकलं. खरं सांगायचं तर चांगलंच खटकलं. अनोळखी खाणं समोर आलं की जंतू आधी चार-आठ दिवस नुसते बघत बसतात, हे तर पाटावर बसल्यासारखे तुटून पडले होते. पण तिने मनाची समजूत घातली, की बरे जंतू मिळाले, नशीब आपलं. आपल्याला हवं तेच घडत असलं की माणूस फार खोलात शिरत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी आकडा आला एकाहत्तर. ती घरी आली आणि दारातूनच सांगितलं. आई देवासमोर जाऊन रडली आणि मग काहीतरी गोड करायला घेतलं. धाकटा कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. जेवता जेवता म्हणाला, "ताई, आता सांगायला हरकत नाही. ते पाणी मी केंद्रावरून आणलंच नव्हतं."

तिचा घास हातातच राहिला.

केंद्राच्या फाटकावर रखवालदाराने चिठ्ठी मागितली, म्हणे. चिठ्ठी कुठली असायला! वेळ चाललेला, ताई ओरडेल ही भीती. मग तो सरळ आपल्या कारखान्यात गेला आणि मागच्या सांडपाण्याच्या टाकीतून कॅन भरून आणला. "म्हटलं जंतू ते जंतू. आणि झालं की नाही पास?"

ती हो म्हणाली. घास परत ताटात ठेवला. त्या टाकीत वर्षभर त्याच रसायनाचं धुवण जात होतं. तिथले जंतू त्याच्यावरच पोसलेले. म्हणजे परीक्षेच्या आधीच पेपर फुटला होता, आणि फोडणारा समोर बसून दुसऱ्यांदा गोड वाढून घेत होता. खऱ्या नदीतले जंतू त्या रसायनाला महिनाभरात अर्धंही खाणार नव्हते. पहिल्या बाटल्यांनी तेच तर सांगितलं होतं.

सकाळी अहवाल तिच्या टेबलावर सहीसाठी येऊन पडला. कोणाला कळणार होतं? काळं कुत्रंही विचारायला येणार नव्हतं. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. एक सही, आणि भाऊ वाचतो. तीच सही, आणि गावोगावच्या मोऱ्यांतून हा फेस नदीत जाणार, आणि पाण्यातले जंतू तो खाऊन संपवतात असं बाटलीबाईंनी लिहून दिलेलं असणार. तिला त्या क्षणी स्वतःच्या नाकाचा राग आला, कॅनचा आला, देवाचा आला. शेवटी तिने टोपण लावून पेन ठेवलं. ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. वासाचं, फोनचं, टाकीचं. चष्मा काढून डोळे चोळले. पाणी भावाने आणलं असं लिहावं लागेल, म्हणाले.

"मी आणलं असं लिहा," ती म्हणाली. "पाठवलं मीच होतं. त्याचं नाव कागदावर आलं तर ते कारखान्यात जाईल, आणि मग त्याला कळेल की त्याच्या कॅनमुळे हे झालं. साहेब, एवढं एक करा."

साहेबांनी लिहिलं, तपासनीसाची चूक, चाचणी रद्द, आधीचा आकडा कायम. बाटल्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. चौकशी होईपर्यंत घरी बसा, म्हणाले.

संध्याकाळी धाकटा आला तो बातमी घेऊनच. विभाग महिनाअखेरीला बंद. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि नजर भिंतीकडे जात होती. ती नजर बहिणीने दोन वर्षं पाहिली होती.

"पण काल तर पास होतं," तो म्हणाला. "पाण्याचं काही झालं का? मी आणलेल्या?"

"पाण्याला काय झालंय," ती म्हणाली. "मोजताना मी घोळ घातला. आकडा चुकीचा मांडला. तुझं रसायन पहिल्यापासून नापासच होतं. उगाच तुला आशा लावली."

तो एकदम उसळला. बारा वर्षं तिथे काय केलंस, असं विचारलं. तुला साधे आकडे मांडता येत नाहीत आणि आम्ही चाळीस जण रस्त्यावर! आईने मध्ये पडायला पाहिलं तर तिलाही ओरडला. ताईचं तोंड बघायचं नाही म्हणाला आणि खोलीत जाऊन धाडकन दार आपटलं.

कडी नसलेलं दार आपटून परत उघडलं. त्याने पुन्हा लोटलं, ते पुन्हा उघडलं. मग त्याने नाद सोडला.

बहीण समोरच्या खुर्चीवर बसली. फटीतून तो येरझाऱ्या घालताना दिसत होता. भिंतीकडे त्याची पाठ होती आणि तो तिला मोठमोठ्याने शिव्या देत होता. आई रडत म्हणाली, तू ऐकून तरी कशी घेतेस गं? तिने आईला हाताने गप्प बसायची खूण केली. त्याचा आवाज जरा खाली आला की तिचे हात गार पडत, वर चढला की ती श्वास सोडी. शिव्या संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.