लाल चिंधी

माझ्या तोंडाला लगाम नाही, यावर इचलकरंजीपासून म्युनिकपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. त्या दिवशी तर मी लोरेन्त्सला सगळ्या वर्कशॉपदेखत विचारलं, "तपासणी करत होतास की डुलक्या काढत होतास?"

लोरेन्त्स माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. आमची कंपनी जुनी पोकलेन घेते, दुरुस्त करते, काही वर्षं भाड्याने देते आणि मग विकते. बिघाड शोधायचं काम माझं आणि विक्रीआधीची सुरक्षा तपासणी त्याची. त्याची सही झाल्याशिवाय मशीन फाटकाबाहेर जात नाही. बावीस वर्षांत त्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

आता ठेवलं होतं. मार्चमध्ये विकलेलं एक पोकलेन परत आलं होतं. ड्रेनेजच्या कामावर सिमेंटचा पाइप उचलताना त्याची मागची बाजू जमीन सोडून वर आली. खालच्या खड्ड्यात दोन माणसं होती, ती वेळेवर बाजूला झाली म्हणून वाचली. वजन जास्त झालं की केबिनमध्ये भोंगा वाजायला हवा, तो वाजलाच नव्हता. आमच्या मालकीणबाई फ्राउ आयग्नर यांनी कागद तयार ठेवला: तपासणीत हयगय झाली, लोरेन्त्सचा सहीचा अधिकार काढून घेत आहोत. "स्वरूपा तीनपर्यंत बिघाड शोधेल," माझ्याकडे बोट दाखवून त्या लोरेन्त्सला म्हणाल्या, "मग तू या कागदावर सही कर."

लोरेन्त्स उलटून बोलला नाही. "मी भोंगा वाजवून बघितला होता," एवढंच पुटपुटला.

"बटन दाबून ना? बटन दाबून दारावरची बेलही वाजते! वजन उचलून बघितलंस?"

त्याने मान हलवली. नव्हतं बघितलं. आता ते आठवलं की माझीच जीभ चावावीशी वाटते.

मी लॅपटॉप जोडला. एकही फॉल्ट नाही, सगळं आलबेल. पुढचा दांडा वर उचलला, तर पडद्यावर तेलाचा दाब बासष्ट. दांडा खाली टेकवला, बासष्ट. बकेट मातीने शिगोशीग भरून उचलली, तरी बासष्टच. अरे, माती भरली काय आणि रिकामी काय, तुला काहीच कसं कळत नाही?

"सेन्सर गेलाय," टॉर्च धरून उभा असलेला लोरेन्त्स म्हणाला.

दहातले आठ जण इथे नवा सेन्सर बसवतात आणि घरी जातात. मी सेन्सरची पिन उपटून काढली. आता तरी मशीनने बोंब मारायला हवी होती. पण छे! सेन्सर सुटा लोंबकळतोय आणि पडद्यावर बासष्ट तसाच.

"अगं बाई!" मी मराठीतच ओरडले. सेन्सर नसताना आकडा येतोय, म्हणजे तो दुसरीकडूनच कुठून तरी येतोय. वायरिंगमध्ये कुणीतरी हात घातला होता.

मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "कोण हा दीडशहाणा? दोन माणसं मेली असती! सापडू दे, त्याची वरातच काढते!" नेमक्या फ्राउ आयग्नर खाली आल्या होत्या. त्यांनाही ठणकावलं, "त्याचं नाव तुम्हाला दिल्याशिवाय आज मी घरी जात नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या आणि घड्याळ बघून वर ऑफिसात गेल्या.

दांड्याच्या बुडापासून मी वायर धरून निघाले. सीटखालून, पंपाच्या पत्र्यामागून. तिथे वायरवरची काळी नळी वीतभर जराशी फुगलेली लागली. टेप कापली. आत तांदळाच्या दाण्याएवढे दोन रेझिस्टर होते. मशीनला कायम एकच व्होल्टेज पाठवायचे, म्हणून त्याला वाटायचं, वजन हलकंच आहे. आणि त्या जोडावर मेणाचा दोरा होता. घट्ट, एकसारखा, प्रत्येक वेढ्याला गाठ.



असा दोरा जर्मनीत कुणी बांधत नाही. इथे प्लास्टिकचे पट्टे लावतात. इचलकरंजीत बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागांच्या जळलेल्या मोटरी यायच्या, तारांची वेटोळी आम्ही अशाच दोऱ्याने बांधायचो. दहाव्या वर्षापासून माझ्या बोटांत ती गाठ आहे. मेणाच्या दोऱ्याचं रीळ अजून माझ्या पेटीत असतं. लोरेन्त्सच त्याला हसून माझं शिवणकाम म्हणतो.

त्याने दोरा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. टॉर्च बंद केला आणि सही करायला जिन्याकडे निघाला. तीनला दहा मिनिटं होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. म्युनिकजवळ गार्चिंगला एका इमारतीचा पाया खणत होते. शुक्रवार होता. आम्ही तिथे भाड्याने दिलेल्या याच मशीनचा सेन्सर बिघडला होता, भोंगा थांबेना, ड्रायव्हर वैतागलेला, नवा सेन्सर मंगळवारी येणार. नुसती माती काढायची होती, वजन उचलायचं नव्हतं. म्हणून मी मंगळवारपुरती ही सोय केली. सोमवारी पहाटे बाबा गेल्याचा फोन आला. मंगळवारी मी इचलकरंजीत होते. तीन आठवड्यांनी परतले तेव्हा मशीन दुसऱ्या साइटवर गेलं होतं, आणि माझ्या डोक्यातूनही.

बाबांचा नियम होता: काम तात्पुरतं असेल तर जोडाला लाल चिंधी बांधायची. आईच्या फाटक्या साडीच्या पट्ट्या खिळ्याला लटकलेल्याच असायच्या. गार्चिंगला मला ती चिंधी आठवली होती, हेच वाईट. पण मनात म्हटलं, जर्मन मशीनला चिंधी? हसतील लोक. म्हणून सुबक दोरा बांधला, वर टेप गुंडाळली. काम इतकं छान झाकलं की सहा वर्षं कुणाला दिसलं नाही.

मी धावत जिना चढले. लोरेन्त्सने पेन उघडलं होतं.

"थांब! सही करू नकोस." मला धाप लागली होती. "फ्राउ आयग्नर, नाव सांगते म्हटलं होतं ना. माझंच आहे. तो जोड मी केला, आणि विसरले."

"आल्झो, असं तर," त्या म्हणाल्या. मग लोरेन्त्सपुढचा कागद उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. त्याला म्हणाल्या, यापुढे वजन उचलूनच तपासायचं. माझा लॅपटॉप काढून घेतला. आता मी एकटीने कोणत्याही मशीनला हात लावायचा नाही, आणि आजवर हात लावलेलं प्रत्येक मशीन उघडून बघितलं जाईल.

"असे आणखी किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," असं पटकन म्हणता आलं असतं. "आठवत नाही," मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं. बाबांची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती, म्हणजे त्यांच्यापुढे उभं राहायची.

खाली आले. नवी वायर सोमवारी येणार होती. हात पुसायच्या लाल फडक्याची एक पट्टी टरकन फाडली आणि केबिनमधल्या दांडीला बांधली. लोरेन्त्स मागे येऊन उभा राहिला.

"आता हे कसलं शिवणकाम?"

मी त्याला बाबांचा नियम सांगितला. त्याने चिंधीचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं.

"तेव्हा बांधली असतीस," तो म्हणाला, "तर मला दिसली असती."

"हो," मी म्हणाले.