पुठ्ठ्यात शिवलेली बेरीज

मी कशिशची कच्ची वही बोलतेय. न्हाणीत बंबाजवळच्या रद्दीत पडलेय. बंब पेटायच्या आत सांगून टाकते, ऐका.

माझा जन्म मुरुडातला, शिलाई मशिनीवरचा. शेजारच्या विशाखाताईंच्या नववीच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं कशिशच्या आईनं, अख्तरीबींनी, जमवली आणि मधोमध टीप मारली. पुठ्ठा कुठून आणणार? एका बाजूला लिहिलेली दोन पानं घेतली, लिखाण आत लपवलं आणि चारही कडा शिवल्या. लेकीसाठी काय काय करते ही बाई!

कशिश नववीत गणितात नापास झालेली. काल संध्याकाळी अख्तरीबींनी बजावलं, "उद्याच्या फेरपरीक्षेतबी नापास झालीस तर शाळा बंद. मशिनीवर बसायचं. मला एकटीला काम रेटत न्हाई आता."

"अम्मी, करून राहिले ना!" पोरगी रडवेली झाली.

करत होती हो, पण काय? √८ + √१८ = √२६! आठात अठरा मिळवले, वर वर्गमुळाचं चिन्ह टाकलं, झालं! पुस्तकातल्या उत्तराशी जुळेना, की खोडायचं आणि पुन्हा तेच. माझी सहा पानं भरली. अगं बाई, करणींची बेरीज अशी नसते! मला तोंड असतं तर बोंब मारली असती. आणि नेमकं तेच उदाहरण विशाखाताईंनी सोडवलेलं, माझ्याच पुठ्ठ्याच्या आत. √८ म्हणजे २√२, √१८ म्हणजे ३√२. दोन्ही सरूप झाल्या, म्हणजे मुळाखाली तोच २, आता मिळवा: ५√२. उत्तर माझ्या पोटात आणि पोरगी माझ्यावरच टिपं गाळतेय. जीव नुसता तुटत होता माझा.

"माझ्या डोक्यात काहीच शिरत न्हाई!" म्हणत तिनं मला टराटरा फाडलं. पुठ्ठ्याची शिवण उसवली. दुखलं लई, पण मी म्हटलं, फाड बाई, आणखी फाड!

तिची नजर आतल्या लिखाणावर गेली. ती खाली बसली. "आधी फोडून घ्यायचं व्हय!" माझ्या फाटक्या पानावरच तिनं √१२ + √२७ मांडलं. ५√३ आलं. बरोबर आलं!

पण एका संध्याकाळचं शहाणपण अख्ख्या पेपराला पुरेल का? सकाळी ती पेपराला गेली आणि मी इथं रद्दीत आले.

अख्तरीबी काडेपेटी घेऊन आल्यात. बाई, मला जाळा खुशाल. पण पोरगी नापास झालीच या खेपेला, तर मशिनीवर तिला बसवू नका हो. तुम्हीच बसा, आणि तिला आणखी एक वही शिवून द्या. लिहिलेली बाजू मात्र बाहेर ठेवा.