येतो म्हणजे जातो

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलं की अर्धी गोष्ट पंख्यालाच ऐकू जाते. आज तुम्हाला विमानाची गोष्ट सांगतो. घाबरू नका, पट्टा बांधायला लावणार नाही, आणि खिडकीशी बसलात म्हणून जास्त मागणार नाही.

देवाने माणसाला पंख दिले नाहीत, त्यात त्याचा काहीतरी विचार असणार. पण स्वस्तात उडवणाऱ्या एका कंपनीला तो पटला नाही. तिच्या विमानाच्या शेपटीवर राजहंस काढायचं ठरलं होतं. काटकसर हा कंपनीचा मूळ स्वभाव, तेव्हा तिने मानेतला रंग वाचवला. मान आखूड झाली आणि लोक तिला बदक कंपनी म्हणू लागले.

या बदक कंपनीने एकाच आठवड्यात दोन शुभवार्ता दिल्या. पहिली, नवा मार्ग. चौकाचौकात फलक लागले: ‘तुमची माणसं आता आणखी जवळ!’ यात खोटं काही नव्हतं. विमान त्या दूरच्या शहराच्या जवळच उतरणार होतं. तिथून शहर अवघं दोन तासांवर, बस मिळाली तर.

दुसरी शुभवार्ता अशी की ग्राहकसेवेत आता आपुलकी आली. तोवर फोनवर बारा बायका बसायच्या. त्यांच्या जागी एक बोलतं यंत्र बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘आपुलकी’. बारा माणसं वजा केल्यावर जी बाकी उरते तिला आपुलकी म्हणतात, हे तेव्हा समजलं.

या बारा जणींत एक होती आलेचबाई. खरं नाव पाळण्यातच राहिलं. फोनवरच्या माणसाला ती म्हणायची, “थांबा हं, आलेच,” आणि गंमत म्हणजे ती यायची! कुणाची हरवलेली बॅग, कुणाच्या नावातली चूक, काय असेल ते शोधून, धापा टाकत परत फोनवर यायची. आवाज असा की रागावलेला माणूससुद्धा शेवटी तिच्याच घरची चौकशी करायचा.

यंत्राला आवाज हवा होता, तेव्हा साहेबांनी तिचाच घेतला. कापसाच्या भिंतींच्या खोलीत चार दिवस बसवून तिच्याकडून सहाशे वाक्यं बोलून घेतली. चौथ्या दिवशी तिने कागद खाली ठेवला. समोर कंपनीचे प्रचारसाहेब होते.

“साहेब, गिऱ्हाइकाला कुठल्या दिशेचं तिकीट हवं ते यंत्र कसं ओळखणार?”

“सोपं आहे. तो ‘जातो’ म्हणाला तर इकडून तिकडे. ‘येतो’ म्हणाला तर तिकडून इकडे. लहान मुलालाही कळेल.”

“लहान मुलाला कळेल हो. पण मोठी माणसं निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत ना! ‘येतो’ म्हणतात. ‘जातो’ म्हणून बघा घरी, बायको उंबऱ्यावरून मागे ओढेल.”

“मग लोकांना सुधारू आपण,” साहेब म्हणाले. “शेवटचं वाक्य राहिलंय. जरा हसून म्हणा.”

शेवटचं वाक्य एकाच अक्षराचं होतं. “या!” तिने हसून म्हटलं आणि सही केली.

अकरा जणी घरी गेल्या. आलेचबाईला मात्र ठेवून घेतली, आवाजात डागडुजी लागली तर हाताशी असावी म्हणून. तोवर बसून काय करणार? नव्या मार्गाच्या प्रसिद्धीसाठी विमानतळावर बदकाच्या वेषात उभं राहायचं काम तिला मिळालं. पिवळा झगा, कापसाचं पोट, भोपळ्याएवढं डोकं. नियम एकच: बदकाने पंख हलवायचे, बोलायचं नाही.

आता हे बदक क्षणभर बाजूला उभं करू आणि आपल्या शिंपीकाकांकडे वळू.

शिंपीकाका गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या खोलीत शिलाई करायचे. त्यांची थोरली बहीण, आक्का, त्या दूरच्या शहरात राहायची. आईच्या मागे तिनेच त्यांना वाढवलं. आक्काचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दृष्टी राहील किंवा जाईल, सांगता येत नाही. आक्काचा फोन आला. “धाकट्या, टेबलावर झोपायच्या आधी एकदा तुझं तोंड बघू दे. मग काय व्हायचं ते होवो.”

रस्त्याने दीड दिवस. काकांनी फलक पाहिला आणि बदकाचं तिकीट काढलं. विमान ऑपरेशनच्या आदल्या सकाळचं, पुढचं चार दिवसांनी.

त्यांनी आक्कासाठी पुढून उघडणारा झगा शिवला, म्हणजे पट्टी बांधलेल्या डोळ्यांवरून काही ओढायला नको. त्याला पाच बटणं लावली, पाचही वेगळ्या आकारांची. डोळ्यांना दिसलं नाही तरी बोटांना कळावं, कोणतं बटण कोणत्या काजात.

एक काज तिच्या मापाने तिथेच कापायचं होतं. म्हणून दोन दिवस आधी त्यांनी कंपनीला फोन लावला.

“नमस्कार, मी आपुलकी. बोला.”

“बाई, बारीकसा प्रश्न आहे. विमानात कात्री चालते का?”

“आपला प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. थांबा हं, आलेच.”

मोलाचा प्रश्न सतरा मिनिटं तिजोरीत राहिला. मग आवाज आला, “आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?”

“अहो, पहिलीच कुठे मिळालीय? असू द्या, कामात दिसता. कात्री घरी ठेवतो. बरं, येतो मग.”

“या!”

“गोड आहे हो पोरगी,” काका बायकोला म्हणाले. “काम नाही केलं, पण ‘या’ म्हणायला विसरली नाही.” फोनवर लगेच निरोपही आला: ‘आपल्या इच्छेनुसार बदल केला आहे. शुभ प्रवास!’ शुभ प्रवास तेवढं वाचून काकांनी चष्मा काढला. कंपनी भलतीच माणुसकीची वाटली त्यांना.

विमानतळावर सकाळपासून जत्रा होती. फुगे, फिती, कॅमेरे, बातमीदार. तिकिटं पुरेशी खपली नव्हती, म्हणून कंपनीच्या कचेरीतली माणसं प्रवासी होऊन रांगेत हसत होती. खऱ्या प्रवाशांत काका होते, काखेत झग्याची पुडी. खिडकीवरच्या मुलीने त्यांचं तिकीट पाहिलं.

“काका, हे तिकडून इकडे यायचं तिकीट आहे.”

“अगं, मी तर इकडेच उभा आहे.”

“मग तुम्ही पोचलात. अभिनंदन.”

“पोचलो काय? निघालोच नाही अजून!”

“यंत्रात तुम्ही तिकडे आहात, काका. तुम्हीच बदल सांगितलाय.”

“तिकडे असतो तर तुझ्याशी वाद घालायला इकडे आलो असतो का, बाळ? जागा तरी आहे ना विमानात?”

“जागा आहे. पण तुम्ही इथे नाही आहात ना.” पोरगी बिचारी खरंच हळहळली. “आपुलकीला विचारा, माझ्या हातात काही नाही.”

काकांनी फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला. “नमस्कार, मी आपुलकी. बोला.”

“बाई, माझी बहीण उद्या…”

“थांबा हं, आलेच.”

आणि मागे उभं असलेलं बदक दचकलं. पाठीमागून कुणी हाक मारावी तसा तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ती झुलत झुलत पुढे आली आणि नियम विसरून कापसाच्या पोटातून म्हणाली, “काका, काय झालं?”

काकांनी फोनकडे पाहिलं, मग बदकाकडे. “हीच ती! तुम्हीच मला ‘या’ म्हणालात ना?”

“कशावर ‘या’ म्हणाले मी?”

“मी ‘येतो’ म्हणालो, त्यावर. आता आक्काला काय सांगू? तिला माझं तोंड बघायचं होतं हो. उद्या सकाळी डोळा कापतील.”

बदकाने पंख खाली सोडले. तिकीट तिच्या हातांनी फिरवलं नव्हतं. पण जीभ तर तिचीच होती. देवाच्या दारी माणूस म्हणतो, हातून चूक झाली, क्षमा कर. पण जीभच दुसऱ्याने भाड्याने नेऊन चूक केली तर ती कुणी भोगायची, याची कंपनीच्या कागदात ओळ नव्हती.

“थांबा हं,” ती म्हणाली. “आलेच.”

व्यासपीठावर प्रचारसाहेब ध्वनिक्षेपक धरून उभे होते. फीत बांधलेली, पण कापायची कात्री सुरक्षेवाल्यांनी दारातच काढून घेतलेली. साहेब त्यावर विनोद शोधत होते. तेवढ्यात एक बदक वर चढलं आणि त्यांच्या हातातला ध्वनिक्षेपक घेतला. डोकं उतरवलं. आत घामाने निथळलेली, केस चिकटलेली एक बाई.

“नमस्कार, मी आपुलकी,” ती म्हणाली, आणि त्या आवाजाने सगळे कॅमेरे वळले. “आज फोन ठेवणार नाही. एक सांगा, आज सकाळी घरून निघताना ‘जातो’ म्हणून कोण निघालं? हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. एक बातमीदार बाई हसत म्हणाली, “साहेब, तुम्ही काय म्हणालात घरी?”

साहेब म्हणाले, “मी… येतो म्हणालो.”

“मग तुम्ही अजून घरीच आहात,” आलेचबाई म्हणाली. “या काकांसारखे. त्यांनी ‘येतो’ म्हटलं, आपण त्यांचं तिकीट उलटं केलं. बहिणीचा उरलेला डोळा शाबूत आहे तोवर त्यांना पोचायचंय.”

हशा पिकला, आणि मग एकदम विरला. पण प्रचारसाहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पडले तरी नाक वर. त्यांनी काकांना मिठी मारली. “हेच ते! हेच आमचे पहिले मानाचे प्रवासी! फीत यांच्याच हस्ते!”

“कात्री कुठाय?” काकांनी विचारलं.

“नाही ना.”

काकांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. फीत तोंडाशी नेली आणि दाताने तोडली. तो फोटो पुढे सगळ्या फलकांवर झळकला: ‘आमच्या प्रवाशांचा उत्साह!’

दोन तासांची बस साडेतीन तासांनी पोचली, पण पोचली. आक्काने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, खिडकीशी उजेडात नेला आणि बराच वेळ एका डोळ्याने वाचला. “मेल्या, किती म्हातारा झालास!” म्हणून पाठीत धपाटाही घातला.

दृष्टी राहिली नाही. आक्का आता पाच बटणं बोटांनी लावते, आणि कुणी भेटायला आलं की सांगते, “माझा धाकटा हनुवटीवर पांढरा झालाय, पण कान अजून तसेच, पुढे आलेले.” जे शेवटचं पाहिलं ते पक्कं पाहिलं.

आलेचबाईला त्याच संध्याकाळी पत्र मिळालं. कारण: बदकाने बोलणे. आवाज मात्र कंपनीने ठेवून घेतला, त्यावर सही होती. आणि ग्राहकसेवेत पुन्हा सुधारणा झाली. आता यंत्र विचारतं, “येतो म्हणजे येतो असेल तर एक दाबा. येतो म्हणजे जातो असेल तर दोन दाबा.”

एवढीच गोष्ट. आता तुम्हीही उठाल, ‘येतो’ म्हणाल, आणि मी ‘या’ म्हणेन. पण माझं एक ऐका. पुढे कधी फोनवर तो गोड आवाज “थांबा हं, आलेच” म्हणेल आणि कुणीच येणार नाही, तेव्हा यंत्राला शिव्या घाला, खुशाल घाला. फक्त घालून झाल्या की एक क्षण थांबा, आणि हे शब्द जी पहिल्यांदा बोलली, आणि दर वेळी खरंच आली, त्या बाईची आठवण काढा.